दोन्ही भाषणं मीच लिहिली होती

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट लागला की आपल्या जिल्हा पानावर वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांचे निकाल येऊ लागतात. ढाल हातात घेतलेली मुलं, शेजारी मुख्याध्यापक, मागं संस्थेचे पदाधिकारी. या फोटोंत मीही कितीदा तरी उभी राहिले आहे, मागच्या रांगेत, 'मार्गदर्शक शिक्षिका' म्हणून. त्या मार्गदर्शनाबद्दलच आज लिहायचं आहे.

सांगली जिल्ह्यातल्या एका गावच्या हायस्कुलात मी 28 वर्षं मराठी शिकवते. त्यातली पहिली पंधरा-सोळा वर्षं मी मुलांना भाषणं लिहून दिली. वादविवादाला शाळेकडून दोघांचा संघ जातो, एक अनुकूल बाजूनं बोलणारा, एक प्रतिकूल. विषय महिनाभर आधी कळवलेला असतो. रात्री जेवणं आटोपली की मी बसायचे आणि एका बैठकीत दोन्ही भाषणं लिहून काढायचे. 'विज्ञान : शाप की वरदान'. नंतरच्या वर्षांत 'मोबाइल : शाप की वरदान'. आधी वरदान लिहायचं, मग शाप. दोन्हींच्या शेवटी चार ओळींची कविता. मुलं आठवडाभरात घडाघडा पाठ करायची, मग मी हात कुठं उचलायचा, आवाज कुठं चढवायचा ते बसवून घ्यायचे.

एका वर्षी तालुक्याच्या स्पर्धेत आमच्या दोघांचाही नंबर आला. परतताना एसटीत मी मुलाला सहज विचारलं, "ती तुझ्या विरुद्ध बोलली, त्यातला कुठला मुद्दा तुला पटण्यासारखा वाटला?" तो खिडकीबाहेर बघायला लागला. मग म्हणाला, "बाई, ती बोलत होती तेव्हा मी मनात माझं भाषण म्हणत होतो. विसरलं असतं ना." मुलीला विचारलं, तर तिचंही तेच. दोन मुलं एकमेकांच्या विरोधात बोलून बक्षिसं घेऊन आली होती आणि एकमेकांचं एक वाक्य त्यांच्या कानावर पडलं नव्हतं. त्यांचा काय दोष? दोन्ही भाषणं मीच लिहिली होती. वाद झाला असेल तर तो आदल्या महिन्यात माझ्या घरी, माझा माझ्याशीच झाला होता. त्या दिवसानंतर मी कुठल्याही मुलाला भाषण लिहून दिलेलं नाही.

पाठांतराला माझा विरोध नाही. कविता, पाढे पाठ असायलाच हवेत, ती आयुष्यभराची शिदोरी आहे. पण मत ही काही पाठ करायची गोष्ट नाही, आणि आपण नेमकं तेही पाठ करून घेतो. दहावीच्या मराठीत 'स्वमत' नावाचा प्रश्नप्रकार आहे. मुलांनी स्वतःचा विचार करावा म्हणून कुणीतरी तळमळीनं तो आणला असणार. पण गाइडमध्ये त्याचंही उत्तर छापलेलं असतं. सराव परीक्षेचे पेपर तपासताना एकाच गठ्ठ्यात वीस-पंचवीस मुलांचं 'स्वतःचं मत' अक्षरशः एकच निघतं, 'मला असे वाटते की' पासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. मी गुण देते, कारण उत्तर बरोबर असतं. पेन खाली ठेवताना मात्र वाईट वाटतं.

मला वेगळी वाट दिसली ती एका 1 ऑगस्टला. टिळक पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे जयंती. आठवीच्या वर्गात अकरा भाषणं झाली, त्यातली आठ शेंगांची. 'मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही.' ही गोष्ट तुम्हा-आम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. आठवं भाषण संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी हजेरी सोडून तिचा आवाज ऐकू यायचा नाही. तिनं विचारलं, "बाई, ज्यांनी शेंगा खाल्ल्या त्यांनी पुढं येऊन का नाही सांगितलं? आणि टिळकांना माहीत असेल कुणी खाल्ल्या, तर त्यांनी नाव सांगायला नको होतं का?"

वर्ग चिडीचूप. मग एकदम गलका. पूर्वीची मी असते तर "बस खाली" म्हणाले असते. त्या दिवशी मी फळ्यावर मधोमध उभी रेघ ओढली. एका बाजूला लिहिलं 'नाव सांगायला हवं होतं', दुसऱ्या बाजूला 'नको होतं'. ज्याला जे वाटतं त्यानं त्या बाजूच्या बाकांवर जाऊन बसायचं. मुलं उठली, दप्तरं ओढत बसली, आणि पस्तीस मिनिटांची तासिका त्यात गेली. "मित्राचं नाव सांगणं म्हणजे चुगली." "मग सगळ्या वर्गाला शिक्षा झाली ती चालते का?" "गुरुजींनी कुणी खाल्ल्या ते न बघताच सगळ्यांना उचलायला लावलं, चूक त्यांची." एक जण म्हणाला, "ही गोष्ट आपल्याला सांगितली कुणी? तिथं होतं कोण?" मी थक्क झाले. इतिहासाचा पहिला प्रश्न तो आपणहून विचारत होता.

मध्येच एक मुलगा उभा राहिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाई, बाक बदललं तर चालेल का?"

संपादक महोदय, 28 वर्षांत मुलांनी मला हजारो प्रश्न विचारले असतील, त्यात हा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. मी म्हटलं, चालेल, पण कुणाच्या कुठल्या वाक्यामुळं उठलास ते सांगून जा. त्यानं सांगितलं आणि गेला. कुणी हसलं नाही. तेव्हापासून आमच्या वर्गाचा हा नियमच झाला. बाक केव्हाही बदलता येतं, पण वाक्य सांगावं लागतं.

यासाठी परक्या मुलखातून काही आणायची गरज मला कधी पडली नाही. आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे तर्काच्या जुन्या शास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : खरं काय ते शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता नुसतं दुसऱ्याचं खोडत बसणं म्हणजे वितंडा. जुन्या पद्धतीत आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगायचं, आणि मगच आपलं उत्तर द्यायचं. याच शास्त्राचे पंडित लक्ष्मणशास्त्री जोशी इथून जवळच वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडले. 'तर्कतीर्थ' ही त्यांची पदवी, पण आमच्या मुलांना ते त्यांचं नाव वाटतं. या तीन शब्दांतला एकच आपल्या रोजच्या बोलण्यात उरला, 'वितंडवाद', आणि तोही शिवी म्हणून.

वर्गात मात्र मी सूत्रं शिकवत नाही. म्हणींवर काम भागतं. 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ'. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळं दुसरी घडली असं होत नाही, हे एवढ्या थोडक्यात दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगता येईल? 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' घ्या, पक्षपात कसा असतो ते कळतं. समोरच्याचं म्हणणं वाकडं करून मग ते खोडून काढणं म्हणजे 'ध चा मा'. आणि 'शितावरून भाताची परीक्षा' ही तर मी उलटीपालटी करून विचारते. शितावरून भात का कळतो? एका मुलीनं उत्तर दिलं, "सगळा तांदूळ एकच असतो, एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात शिजतो म्हणून." मग मी विचारलं, एका माणसावरून त्याचं सगळं गाव, त्याची सगळी जात कळेल का? ती म्हणाली, "ते एका पातेल्यात कुठं शिजलेत?" आता मोबाइलवर फिरणारा मजकूर मुलं वर्गात वाचून दाखवतात आणि ओरडून सांगतात, "बाई, हे शितावरून भात आहे!" या सगळ्यांच्या मुळाशी एकच शब्द आहे. तो मी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिते आणि वर्षभर पुसू देत नाही : कशावरून?

2022 ची एक चर्चा सविस्तर सांगते. आमच्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं त्या वर्षी ठरवलं की रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायचा आणि साडेआठपर्यंत घराघरांतले टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचे, मुलांनी अभ्यास करायचा. बातमी सगळीकडे गाजली. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी नववीला विषय दिला : आपल्याही गावात असा भोंगा वाजवावा का? बाजू कुणी निवडायची नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, जी हाताला येईल ती बाजू. गावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेल्या घरातल्या मुलाला आली 'भोंगा वाजवावा'. वडील ट्रकवर ड्रायव्हर असलेल्या एका मुलीला आली 'वाजवू नये'.

तिनं एकच मुद्दा मांडला. "माझे बाबा महिन्यातले वीस-बावीस दिवस गाडीवर असतात. संध्याकाळी सात-साडेसातला ढाब्यावर थांबले की फोन करतात. त्याच वेळेला ते मोकळे असतात. भोंगा वाजला की मी बाबांशी बोलायचं नाही का?"

आता मुलाची पाळी. आमचा नियम असा की आधी तिचं म्हणणं तू तुझ्या शब्दांत सांग, ती 'हो' म्हणाली तरच पुढं बोलायचं. तो म्हणाला, "तिचं म्हणणं आहे की मुलांना मोबाइल पाहिजे." तिनं मान हलवली, "मी असं म्हटलंच नाही." सगळा वर्ग ओरडला, "ध चा मा!" त्यानं पुन्हा प्रयत्न केला, "तिचं म्हणणं आहे की बाबांचा फोन महत्त्वाचा आहे." "अर्धंच सांगितलंस," ती म्हणाली. तिसऱ्यांदा तो थोडा थांबला. मग सावकाश बोलला, "तिचं म्हणणं असं की भोंगा लावणाऱ्यांनी सगळ्यांच्या घरी आई-बाबा संध्याकाळी घरात असतात असं धरलंय. ज्यांचे बाबा बाहेर असतात त्यांचा विचार त्यात नाही." ती 'हो' म्हणाली. मला वाटतं, हे वाक्य तिला स्वतःलाही इतकं नेमकं सुचलं नसतं. त्यानंतर त्यानं बाजू सोडली नाही. आलेला फोन घ्यायला मुभा असावी, मोबाइलवर बघत बसणं बंद असावं, अशी दुरुस्ती मांडली. ती लगेच म्हणाली, "फोन झाल्यावर मुलगा मोबाइल खाली ठेवेल, कशावरून?" तासिका संपली, प्रश्न सुटला नाही. दुसऱ्या दिवशी दोघं डबा खाताना तेच बोलत होती.

हीच रीत इतिहासातही चालते. गोपाळ गणेश आगरकर टेंभूचे. आमच्याकडच्या मुलांना टेंभू म्हटलं की उपसा सिंचन योजना आठवते. तिथं जन्मलेला माणूस टिळकांचा जिवाभावाचा मित्र होता, 'केसरी'चा पहिला संपादक होता, आणि पुढं मतभेद झाले म्हणून 1888 मध्ये त्यानं 'सुधारक' काढला, हे शेंगांच्या भाषणात कधीच येत नाही. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावर मी दहावीत चर्चा घेतली. मुलीचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधासाठीचं किमान वय, 10 वरून 12 करण्याचा तो कायदा; आगरकर त्याच्या बाजूनं, टिळक विरोधात. आकडे सांगितल्याबरोबर एका मुलीनं विचारलं, "दहा म्हणजे पाचवीतली का हो, बाई?" ज्या मुलाला टिळकांची चिठ्ठी आली होती, तो म्हणाला, "मी ही बाजू बोलणार नाही." मी म्हटलं, टिळकांचं म्हणणं काय होतं ते आधी शोध, मग ठरव. तो चार दिवस वाचनालयात बसला. परक्या सरकारनं कायदा करून आपल्या घरात शिरू नये, सुधारणा लोकांना पटवून व्हावी, आणि सुधारकांनी आधी आपल्या मुलींची लग्नं 16 वर्षांआधी करणार नाही असं बंधन स्वतःवर घालून घ्यावं, ही सगळी बाजू त्यानं चोख मांडली. मांडून झाल्यावर विचारलं, "आता बाक बदलू का?" मी वाक्य विचारलं. तो म्हणाला, "टिळकांचं म्हणणं मला समजलं. पण लोकांना पटेपर्यंत त्या पाचवीतल्या मुलीनं थांबायचं, हे तिला सांगणार कोण?" आगरकर 1895 मध्ये गेले तेव्हा 'केसरी'त मृत्युलेख टिळकांनीच लिहिला, हे मी त्याला त्यानंतर सांगितलं.

इतकं सगळं करून आम्ही स्पर्धेला गेलो आणि हरलो. स्पर्धा कुठली ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण थोड्याफार फरकानं सगळीकडे तेच आहे. माझ्या विद्यार्थिनीनं आधीच्या वक्त्याचा सगळ्यांत बळकट मुद्दा स्वतःच्या शब्दांत सांगितला, "हे मला अवघड जातंय" असं प्रामाणिकपणे कबूल केलं आणि मग त्याला उत्तर दिलं. परीक्षकांनी शेरा दिला, 'विद्यार्थिनी गोंधळलेली वाटली. हावभाव कमी.' पहिला क्रमांक आला तो मुलगा 'येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो' पासून शेवटच्या कवितेपर्यंत कुठंही अडखळला नव्हता, आणि त्याच्या आधी कोण काय बोललं याच्याशी त्याच्या भाषणाचा काडीचा संबंध नव्हता. त्या मुलाबद्दल मला राग नाही. त्याच्यामागंही माझ्यासारखी एखादी बाई रात्री जागली असेल. माझी विद्यार्थिनी मात्र परतीच्या वाटेवर म्हणाली, "बाई, पुढच्या वेळी लिहूनच द्या." त्या वाक्यानं मला जेवढं लागलं, तेवढं हरण्यानं लागलं नाही.

पालकांचीही शंका असते. एक वडील शाळेत आले. शेतकरी, अतिशय सरळ माणूस. म्हणाले, "पोरगी आता आजीलाही कशावरून विचारते. तुम्ही तिला उलट बोलायला शिकवताय." त्यांची काळजी मला खोटी वाटली नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचा मान राहिलाच पाहिजे. मी त्यांना मुलीच्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली मूलभूत कर्तव्यं दाखवली, त्यातलं वैज्ञानिक दृष्टी आणि जिज्ञासू वृत्तीचं कलम वाचून दाखवलं. मग सांगितलं की उलट बोलणारा समोरच्याचं ऐकत नाही. आमच्याकडे तर आधी ऐकून, त्याचंच म्हणणं सांगून दाखवावं लागतं. त्यांना ते सगळं पटलं असं नाही. पण आजी काय म्हणाली होती ते मी विचारलं, तेव्हा ते जरा हसले. 'अमावास्येला नवी वही सुरू करू नये' असं आजीचं म्हणणं. नातीनं कशावरून विचारल्यावर आजी म्हणाली होती, "मला माझ्या सासूनं सांगितलं. तिला मी कधी विचारलंच नाही."

वर्गात साठ मुलं असताना हे कसं जमणार, असं शिक्षक मित्र विचारतात. जमतं. चौघांचा गट करायचा, दोघं बोलतात, एक जण मुद्दे टिपतो, चौथा नियम सांभाळतो. पुढच्या आठवड्यात कामं बदलायची. आठवड्याला एक तासिका पुरते. दहावीला 80 गुणांच्या लेखी परीक्षेशिवाय 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, तोंडी परीक्षाही त्यातच होते. ती एकेका मुलाला उभं करून दोन मिनिटांत उरकण्याऐवजी अशा गटांत घेता येते. आवाज होतो, शेजारच्या वर्गाची तक्रार येते, तेवढं सोसावं लागतं.

तेव्हा स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना, वाचनालयांना आणि शिक्षण विभागातल्या अधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. विषय आधी द्या, पण बाजू देऊ नका. ती चिठ्ठीनं, बोलण्याआधी अर्धा तास कळू द्या, म्हणजे मुलाला दोन्ही बाजूंचा अभ्यास करावाच लागेल आणि आम्हा शिक्षकांना लिहून देण्याचा मोह उरणार नाही. प्रत्येक भाषणानंतर विरुद्ध बाजूच्या मुलाला एक प्रश्न विचारू द्या. परीक्षकांच्या तक्त्यात हावभावाचे गुण निम्मे करा आणि 'समोरच्याचं म्हणणं नेमकं सांगितलं का' असा एक रकाना घाला. 'शाप की वरदान' आता पुरे. मुलांना त्यांच्या अंगणातले विषय द्या : मिरवणुकीत डीजे असावा का, उसाला ठिबकची सक्ती करावी का, चौथीपर्यंतची शाळा सकाळी 9 नंतर भरवायचा 2024 चा निर्णय आपल्या गावाला सोयीचा पडला का. आणि आपणही, संपादक महोदय, ढालीच्या फोटोखाली नावांबरोबर एक ओळ जास्त छापा : त्या दिवशी कुठल्या वाक्यावर कुणाचं मत बदललं.

पुढच्या महिन्यात आमच्या तालुक्यात स्पर्धा आहे. यंदा परीक्षक म्हणून मला बोलावलं आहे. आयोजकांना मी कळवलं आहे की मानधन नको, फक्त एक फेरी चिठ्ठ्या टाकून घेऊ द्या. अजून उत्तर आलेलं नाही. पत्र्याचा डबा मी पुसून ठेवला आहे.

आपली नम्र,
एक माध्यमिक शिक्षिका, जि. सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)